जुनी गाडी धुराच्या तपासणीत पुन्हा पुन्हा नापास होतेय? भाग बदलण्याआधी कागद वाचा

माझी गाडी पेट्रोलवरची, फ्युएल इंजेक्शनची, वीस वर्षं उलटून गेलेली. धुराच्या तपासणीत ती पहिल्यांदा नापास झाली तेव्हा कागदावर हे आकडे होते: सीओ २.२ टक्के, एचसी २४० पीपीएम (दहा लाख भागांत २४०), सीओटू १३.४ टक्के, ऑक्सिजन ०.५ टक्के, लॅम्बडा ०.९५. मेकॅनिकने कागदावर एक नजर टाकली आणि म्हणाला, "कन्व्हर्टर गेलाय." कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे धुरातले विषारी वायू साफ करणारा, एक्झॉस्टमधला सगळ्यात महागडा भाग. बदलला. लगेच पुन्हा तपासणी केली, गाडी पास झाली. पुढच्या तपासणीला परत नापास, आणि आकडे जवळजवळ तेच.

त्या दिवशी मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पहिल्यांदा नीट वाचले. दोष कुठे आहे ते पहिल्याच कागदावर लिहिलेलं होतं. नापास, महागडा भाग, पास, परत नापास या चक्रात जुन्या गाडीचे पुष्कळ मालक अडकतात, म्हणून जे कळलं ते सगळं इथे लिहितोय.

आकडे जोडीने वाचायचे

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण जुळलं की लॅम्बडा १. हवा कमी पडून पेट्रोल जास्त झालं की मिश्रण रिच आणि लॅम्बडा १ च्या खाली. हवा जास्त झाली की लीन आणि लॅम्बडा १ च्या वर. सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हे अर्धवट जळलेलं पेट्रोल. हवा पुरली नाही की तो वाढतो. एचसी म्हणजे न जळताच बाहेर पडलेलं पेट्रोल. सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, आकडा मोठा असलेला चांगला, कारण तो जळण पूर्ण झाल्याची पावती असतो. निरोगी पेट्रोल इंजिनात तो १५ टक्क्यांच्या आसपास जातो. ऑक्सिजन म्हणजे वापरली न गेलेली हवा.

एकटा आकडा फार काही सांगत नाही. सीओ जास्त, ऑक्सिजन नाममात्र आणि लॅम्बडा १ च्या खाली असेल तर मिश्रण रिच आहे, वाद नाही. एचसी आणि ऑक्सिजन दोन्ही जास्त पण सीओ कमी, तर एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय: ठिणगी पडत नाही, नाहीतर मिश्रण इतकं लीन आहे की ते पेटतच नाही. सीओटू कमी, ऑक्सिजन भरपूर आणि बाकीचे आकडेही विरळ दिसत असतील तर बाहेरची हवा मिसळतेय, म्हणजे सायलेन्सरला कुठेतरी भोक आहे. आणि लॅम्बडा अगदी १ वर, तरी सीओ, एचसी मर्यादेपेक्षा थोडे वर? तेव्हा मात्र कन्व्हर्टरवर संशय घ्यायचा. मिश्रण बरोबर आहे, साफसफाई होत नाहीये.

इथे एक गोष्ट आहे जी मला कुणीच सांगितली नव्हती. कन्व्हर्टर लॅम्बडा बदलत नाही. लॅम्बडा धुरातल्या सगळ्या वायूंवरून हिशेबाने काढतात, आणि कन्व्हर्टर आतल्या आत फक्त अणूंची अदलाबदल करतो: सीओला ऑक्सिजन देऊन सीओटू करतो, एचसीचं पाणी आणि सीओटू करतो. एकूण कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन तेवढेच राहतात. म्हणून एक्झॉस्टमध्ये गळती नसेल तर सायलेन्सरच्या तोंडाशी मोजलेला लॅम्बडा थेट सांगतो की इंजिनात काय गेलं. माझ्या कागदावर ०.९५ होता. इंजिनच जास्त पेट्रोल पीत होतं. रिच धुरात सीओला जाळायला लागणारा ऑक्सिजनच उरत नाही, मग कन्व्हर्टर कितीही नवा असला तरी तो करणार काय?

आधी गळती, मग बाकी सगळं

एक्झॉस्ट गळत असेल तर आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून पहिलं काम तेच. थंड इंजिन चालू करा आणि मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या पहिल्या नळ्यांजवळ, कान द्या. टिकटिक आवाज येतोय आणि इंजिन तापल्यावर तो कमी होतोय, तर गॅस्केट किंवा मॅनिफोल्डची चीर. सांध्यावर काजळीचे काळे पट्टे दिसतात. कुणालातरी जाड कापडाने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगितलं तर गळतीच्या जागी फुसफुस ऐकू येते. हे सगळं मोकळ्या जागेतच करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवायचं नाही, दार थोडं उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि नापास झालेली गाडी तो नेहमीपेक्षा जास्त सोडत असते.

धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते बघणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर ती आणखी घोळ घालते. धूर झटक्या-झटक्याने बाहेर पडतो आणि दोन झटक्यांच्या मध्ये चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणाऱ्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं मिश्रण लीन आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरचंही असंच. त्यातून न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेली हवा दोन्ही बाहेर येतात, पण सेन्सरला समजतो फक्त ऑक्सिजन. तो "लीन" ओरडतो आणि कॉम्प्युटर चांगल्या सिलिंडरांनाही जास्त पेट्रोल पाजतो. म्हणून कागदावर सीओ आणि एचसी दोन्ही वाढलेले असले आणि इंजिन थरथरत असेल, तर आधी मिसिंग काढा. सीओ बऱ्याचदा आपोआप खाली येतो.

माझ्या गाडीत काय निघालं

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी स्कॅनर (कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून गाडी रस्त्यावर काढली. अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवल्यावर कूलंटचं तापमान होतं ६२ अंश. नव्वदच्या आसपास हवं होतं. स्क्रीनवर "ओपन लूप" दिसत होतं, म्हणजे कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नव्हता. इंजिन थंड आहे असं धरून वॉर्मअपचं जास्तीचं पेट्रोल देत होता. दोष सेन्सरचा नव्हता, इंजिन खरंच थंड होतं. इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला होता, त्यामुळे कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहायचं.

मग पहिल्यांदा पास कशी झाली? कन्व्हर्टर बदलल्यावर गाडी बराच वेळ जागेवर उभी ठेवून रेस दिली होती. उभ्या गाडीच्या रेडिएटरला समोरचा वारा लागत नाही, त्यामुळे थर्मोस्टॅट बिघडलेला असूनही इंजिन तापलं, कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकू लागला, आकडे सुधारले. श्रेय मिळालं कन्व्हर्टरला. जुना कन्व्हर्टर बहुधा ठीकच होता, आणि तो भंगारात गेला याची मला आजही हळहळ वाटते.

खुणा समोरच होत्या. तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या खाली राहायचा, हायवेवर आणखी उतरायचा. हीटर कोमट. ॲव्हरेज हळूहळू घटलेलं. यातली एकही गोष्ट कुणाला गाडी थांबवायला लावत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तशीच चालते, आणि त्या वयाच्या पुष्कळ गाड्यांचा कॉम्प्युटर यासाठी इंजिनाचा दिवाही लावत नाही. थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट बदललं, कूलंट नवीन भरलं, हवा काढली. पुढचा कागद: सीओ ०.१, एचसी ३०, सीओटू १४.९, ऑक्सिजन ०.३, लॅम्बडा १.०१.

मिश्रण रिच असेल तर शोधायचं कुठे

थर्मोस्टॅटनंतर त्याचा जोडीदार, कूलंट तापमानाचा सेन्सर. बऱ्याच गाड्यांत त्याचा रेझिस्टन्स २० अंशाला दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास असतो. मल्टीमीटर लावून थंड आणि गरम अशा दोन्ही वेळा मोजा. गरम इंजिनात जर हजारांत आकडा दिसला तर कॉम्प्युटरला वाटतंय की बाहेर थंडी पडलीय. सेन्सरच्या कनेक्टरवरचा हिरवा गंज, सैल पिन हेही तेच दाखवतात.

पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला व्हॅक्यूमची बारीक रबरी नळी येते. इंजिन चालू असताना ती काढा. नळी ओली निघाली किंवा पेट्रोलचा भपकारा आला, तर आतला डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल इंजेक्टरला वळसा घालून सरळ इंजिनात जातंय. पेट्रोलच्या टाकीची वाफ कोळशाच्या डब्यातून इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिला तर आयडलिंगला मिश्रण रिच होतं. त्याची नळी चिमटीत दाबून धरली आणि सीओ उतरला तर तो सापडला. इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरची तार धुळीने माखली असेल तर तिच्याचसाठी मिळणारा स्प्रे मारा. बोटाने किंवा कापडाने पुसायला जाऊ नका, ती केसाइतकी नाजूक असते.

ऑइलकडे कुणाचं लक्ष जात नाही. गाडी महिनोन्महिने रिच चालली किंवा नुसत्या जवळच्या फेऱ्या मारत राहिली की पेट्रोल रिंगांवरून खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळतं. इंजिन तापल्यावर ते वाफ होऊन पीसीव्ही नळीतून, म्हणजे ऑइलच्या भागातली वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीतून, परत इंजिनात येतं. म्हणजे मूळ दोष दुरुस्त केला तरी सीओ उतरत नाही, आणि माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो. डिपस्टिकचा वास घ्या. धूर मोजायचं मशीन लागलेलं असताना पीसीव्हीची नळी व्हॉल्व्ह कव्हरवरून सुटी करून बघा; सीओ झपकन उतरला तर ऑइल आणि फिल्टर बदला, मगच पुढे जा. माझ्या गाडीत थर्मोस्टॅटबरोबर ऑइलही बदललं होतं ते याच कारणाने.

ऑक्सिजन सेन्सरवर सगळे पहिला आरोप करतात. जुन्या साध्या प्रकारचा सेन्सर गरम झाल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वर-खाली होत राहायला हवा, २५०० आरपीएमला सेकंदाला एकदा तरी. वय झालं की तो सुस्तावतो. पण बदलण्याआधी त्याची परीक्षा घ्या: एखादी व्हॅक्यूमची नळी क्षणभर उघडी केली की व्होल्टेज लगेच पडायला हवं. पडलं तर सेन्सर खरं बोलतोय, आणि तो जे सांगतोय त्याचं कारण दुसरीकडे आहे. साधारण दीड लाख किलोमीटरनंतरही मूळचाच सेन्सर असेल तर बदलण्यात चूक नाही, पण निदान म्हणून नव्हे, देखभाल म्हणून.

एचसी जास्त असेल तर

स्पार्क प्लग काढा आणि क्रमाने मांडून ठेवा, कोणता कुठल्या सिलिंडरचा ते लिहून. कोरडी काळी काजळी म्हणजे रिच, तेलकट ओला म्हणजे ऑइल जळतंय, पांढराफटक म्हणजे लीन किंवा अति गरम. चारपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्याच सिलिंडरपाशी आहे आणि निम्मं काम झालं. मग हाय टेन्शन वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर, कॉइल. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू केलं तर चिरलेल्या वायरींवरून निळसर ठिणग्या पळताना चक्क दिसतात. टायमिंग लाइट लावून टायमिंग बघा, आणि जुन्या गाडीत व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा डायफ्राम फाटलाय का तेही.

इग्निशन ठीक असेल तर मिश्रण लीन आहे का बघा: इनटेकच्या रबरी नळ्या वयाने कडक होऊन चिरतात, बुडाशी, जिथे सहसा नजर जात नाही. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, दहा टक्क्यांच्या वर अधिक बाजूला असेल आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर जवळजवळ नक्की हवा चोरीने आत येतेय. तेही नसेल तर कंप्रेशन. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. टॅपेट फार टाइट झाले असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि नुसतं ॲडजस्ट करून काम होतं. हेड उतरवण्याआधी हे बघितलंच पाहिजे.

जिथे नायट्रोजन ऑक्साइडही मोजतात तिथे कारणं उलटी असतात. ज्वलनकक्षात सुमारे १४०० अंशांच्या पुढे नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊ लागतात, म्हणून जे काही इंजिन जास्त तापवतं ते दोषी: बंद पडलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडून जळण थंड ठेवणारा) किंवा कार्बनने बुजलेली त्याची वाट, पुढे गेलेलं टायमिंग, लीन मिश्रण, अर्धवट तुंबलेला रेडिएटर.

कन्व्हर्टरला दोष कधी द्यायचा

तो आपोआप फारसा मरत नाही, त्याला मारलं जातं. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटलं की वीट वितळते. ऑइल पिणाऱ्या इंजिनातला फॉस्फरस आणि गॅस्केटसाठी वापरलेलं चुकीचं सिलिकॉन त्या थरावर बसून त्याला निकामी करतात. म्हणून कन्व्हर्टर खरोखर गेलेला असला तरी आधी विचारायचं की त्याला कशाने मारलं. ते कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही जाईल.

तपासायला हाताने हलकेच ठोका: आत खुळखुळ वाजलं तर वीट फुटलीय. पिकअप नाही, वरच्या आरपीएमला दम लागतो, तर तो वितळून तुंबलेला असू शकतो. दोन ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत मागचा सेन्सर पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवत नाहीये; स्कॅनरवर दिसणाऱ्या पी०४२० या दोषाच्या कोडचा अर्थ तोच. पण हा कोड आला तरी आधी गळती बघा.

कार्बोरेटर आणि डिझेल

कार्बोरेटरच्या गाडीत आधी चोक पूर्ण उघडतोय का, एअर फिल्टर स्वच्छ आहे का, फ्लोटची उंची आणि नीडल व्हॉल्व्ह ठीक आहे का हे बघा, आणि मिश्रणाच्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी स्क्रू फिरवला तर खरा दोष झाकला जातो आणि गाडी चालवताना झटके खाते.

डिझेलमध्ये मोजतात धुराचा काळेपणा. तिथे तुंबलेला एअर फिल्टर, थेंब गाळणारे इंजेक्टर, टर्बोच्या नळीची गळती आणि उघडा अडकलेला ईजीआर हे नेहमीचे. पण एक काम तपासणीच्या आधी न चुकता करा: टायमिंग बेल्ट केव्हा बदललाय ते बघा. त्या तपासणीत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून इंजिन पुन्हा पुन्हा सर्वोच्च आरपीएमला नेतात, आणि जीर्ण बेल्ट तिथेच तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

तपासणीच्या आधीचा आठवडा

कोड पुसून किंवा बॅटरीची वायर काढून लगेच तपासणीला जाऊ नका. ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष स्वतः तपासायची व्यवस्था) असलेल्या गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्याची नोंद ठेवतो; कोड पुसले की ती नोंदही पुसली जाते, आणि जिथे ती वाचतात तिथे गाडी तपासणीच्या आधीच परत पाठवतात. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करून थोडं शहरात, थोडं एकसारख्या वेगाने हायवेवर असं काही दिवस चालवलं, टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवली, की त्या चाचण्या पूर्ण होतात.

टाकीत ओतायच्या बाटल्यांबद्दल: चांगला इंजेक्टर क्लीनर घाणेरड्या इंजेक्टरला थोडी मदत करतो. थर्मोस्टॅट, फाटका डायफ्राम, चिरलेली नळी यांना तो काहीच करत नाही. पैसे आधी एअर फिल्टर, प्लग आणि ऑइलवर घाला.

तपासणीला पोहोचताना गाडी किमान वीस मिनिटं चाललेली असू द्या. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे काम सुरू करतो आणि रांगेत आयडलिंगवर उभं राहून तो थंड होतो. नंबर यायच्या आधी दोन-तीन मिनिटं २५०० आरपीएम धरून ठेवा. दोष असलेली गाडी यामुळे पास झाली तर मात्र ती दुरुस्त झाली असं समजू नका. माझं एक अख्खं वर्ष त्याच समजुतीत गेलं.

आणि प्रत्येक कागद जपून ठेवा, त्यावर किलोमीटर लिहून, पास झालेलासुद्धा. थर्मोस्टॅट बदलल्यानंतरचे माझ्या गाडीचे सीओचे आकडे ०.१०, ०.१२ आणि परवाचा ०.१९ असे आहेत. लॅम्बडा १.०१ वरून ०.९९ वर सरकलाय. गाडी पास आहे, काटा बरोबर मध्यावर आहे, ऑइलला वास नाही. ऑक्सिजन सेन्सर मूळचाच आहे, स्कॅनरवर आता संथ दिसतोय. या रविवारी तो बदलायला घेतोय.